घोट्यापर्यंत लुगडं

१५ नोव्हेंबर, बुधवार

आज माधवी मॅडम येऊन गेल्या. माझ्या धम्मशीलाच्या चित्रकलेच्या शाळेतल्या. परभणीहून बसने आल्या, चप्पल दाराबाहेर काढली, आत आल्या आणि आधी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर काही नाही. चित्रं मी कपाटामागे ठेवली आहेत, तोंड भिंतीकडे करून. पोरगी गेल्यापासून तशीच.

"दाखवाल का, आई?" म्हणाल्या.

एकेक काढून दाखवलं. त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. मी चहा ठेवला. माणसं येतात, रडतात, आणि मग मीच त्यांना पाणी देते — वर्ष झालं, हेच चाललंय.

त्यांचं म्हणणं असं की पंचवीस डिसेंबरला, मनुस्मृती जाळली त्या दिवशी, स्त्रीमुक्ती दिनाला, ही पाचही चित्रं इथेच पूर्णेत लावायची, आपल्या विहाराच्या हॉलमध्ये. धम्माची तशी इच्छा होती. दवाखान्यात बोलली होती म्हणे त्यांच्याशी. मला नाही बोलली. मला म्हणाली, माय, पाय गार पडलेत, शाल टाक.

हो म्हणाले. नाही म्हणायला जीवात जोर लागतो, तो कुठून आणू?

१६ नोव्हेंबर

तिची चित्रांची एक वही कोरीच राहिली होती. तीत लिहिते. कागद जाड आहे, शाई फुटत नाही.

मी शाळेत गेले ती दुसरीपर्यंत. पुढचं सगळं तिच्या दप्तरातून शिकले. ती भूगोल पाठ करायची आणि मी भाकरी थापता थापता ऐकायचे. मग वाचायला लागले. तिची मोठी मोठी पुस्तकंसुद्धा. अडलं की विचारायचे. आता अडतं आणि तिथेच राहतं.

१९ नोव्हेंबर, रविवार

आज चित्रं उन्हात काढली. कोरड्या फडक्यानं पुसली. वर्षभर मी त्यांच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

एकात कापसाच्या अडतीवरचा मोठा काटा आहे. काट्यावर गाठीच्या जागी मुलगी बसवलेली. समोर खाटेवर माणसं, पण त्यांना तोंडं नाहीत — नुसते हात, आणि हातात पोह्यांच्या बशा. हे कुठलं ते मला माहीत आहे. जिंतूरचे पाहुणे आले होते तिला बघायला. मुलाची आई म्हणाली, "शिकली-सवरली हाय, पन रंग जरा..." धम्मानं पटकन विचारलं, "रंग लय हायेत मावशी माझ्या पेटीत. कंचा देऊ?" पाहुणे चहा न घेताच उठले. तिचा बाप असता तर हसून हसून मेला असता. मी मात्र त्या दिवशी तिच्याशी बोलले नाही.

दुसऱ्यात गोंदणारी बाई. पोरीची हनुवटी चिमटीत धरलेली, सुई कपाळावर. पोर ओरडत नाही. तिला कोणीतरी सांगितलंय ओरडायचं नाही.

तिसऱ्यात गोरं होण्याच्या मलमाच्या ट्यूबा, दाबून दाबून रिकाम्या केलेल्या. त्यांचाच एक चेहरा केलाय. लांबून बाई दिसते, जवळून पत्रा.

चौथ्यात माझा हात आहे. ते गेले तेव्हाचा. ते रेल्वेत होते, लाइनवर. आम्ही बुद्धाची माणसं, हे असलं काही करायचं नाही, असं प्रत्येक भाषणात ऐकलेलं. तरी बायांनी मला मागच्या अंगणात नेलंच. दगडावर हात ठेवला आणि बांगड्या फोडल्या. धम्मा नववीत होती. "फोडू नका! माझ्या मायच्या हाताला लागंल!" — गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली. लागलंच. चित्रात काळ्यावर नुसतं मनगट आहे आणि तो ओरखडा. बाकी काही नाही. ओरखडा कधीच बुजला. चित्रात मात्र अजून ओला आहे.

पाचवं सगळ्यात मोठं. सरजाबाई.

आमच्या गल्लीच्या टोकाला राहतात त्या. ऐंशी कधीच ओलांडलेल्या. चित्रात भुईवर बसल्यात आणि लुगडं गुडघ्याच्या वर. पूर्वी गावातले वरच्या जातीचे लोक आमच्या बायांना तसंच नेसायला लावत. गुडघ्याखाली लुगडं गेलं तर मार. सोनं घालायचं नाही, पायात पितळेची जड कडी, ती पण लोहारानं ठोकून बसवलेली. निघायची नाहीत. ती कडी कधीच गेली, पण दोन्ही घोट्यांवर काळे जाड वण राहिलेत — दोरीनं बांधलेल्या बैलाला पडतात तसे. धम्मानं ते वण असे काढलेत की बोट लावून बघावं वाटतं. आणि तोंड — तोंड हुबेहूब.

मागे तिच्या हातचं लिहिलंय: हुकूम.

हे तिचं शेवटचं. यानंतर ताप आला.

२० नोव्हेंबर

आजपासून ते चित्र भिंतीशी टेकवून ठेवलंय, तोंड माझ्याकडे करून.

२२ नोव्हेंबर, बुधवार

सुगत आला. यांच्या चुलतभावाचा मुलगा, विहाराच्या समितीचा सचिव. मॅडमनी मोबाइलवर चित्रांचे फोटो पाठवले होते. बसला नाही. उभ्यानंच बोलायला लागला.

"काकू, चार लावा. पाचवं नको."

"कामून?"

"आपल्या म्हाताऱ्या मानसाचे उघडे पाय? विहारात? समोर बुद्धाची मूर्ती हाय."

"बुद्धानं काय कुनाचे पाय बघितले न्हाईत?"

"तुमी बी धम्मासारख्याच बोलायला लागलात!"

"पोरगी गेली. तिचं बोलनं तरी राहू दे माझ्याजवळ."

वाईट नाही पोरगा. धम्माला नांदेडला नेलं तेव्हा यानंच गाडी केली होती, रक्तासाठी यानंच पळापळ केली. हळू आवाजात म्हणाला, "काकू, बाकीची लोकं बी येतेत बघायला. त्यांच्यापुढं आपल्या बाया अशा हुत्या म्हनून दाखवायचं का?"

"हुत्याच ना?"

"हुत्या. म्हनून तर झाकायचं."

"म्हनून तर दाखवायचं, असं ती म्हनायची."

जाता जाता दारातून विचारलं, "सरजाआजीला इचारलं का तुमी?"

"तिनंच बसून काढू दिलं. आनखी काय इचारायचं?"

तो गेला. कितीतरी दिवसांनी कोणाशी तरी भांडले. चित्रातल्या सरजाबाईंना म्हणाले, बघते कोण काढतंय तुम्हाला भिंतीवरून.

२७ नोव्हेंबर, सोमवार

अवकाळी पाऊस. रात्रीपासून कोसळतोय. तुरी झोपल्या असतील सगळ्यांच्या. गल्लीत घोट्याएवढा चिखल.

त्या चिखलातून सरजाबाई दळण घ्यायला निघालेल्या! त्यांचं लुगडं गोल, पार जमिनीला टेकणारं. काठ सगळा चिखलात लोळत होता. मी दारातून हाक मारली, "अवो सरजाबाई, जरा वर धरा की लुगडं! पडाल!"

"पडंन की," म्हणाल्या, आणि तशाच फरपटत गेल्या.

म्हातारी हट्टी. मी मागून जाऊन दळण आणून दिलं.

२८ नोव्हेंबर

पाऊस. दिवसभर कोणी आलं नाही. संध्याकाळी कळलं की सकाळपासून मी एक शब्दही बोलले नाही. मग मोठ्यानं म्हटलं, "सुला." माझंच नाव. ऐकायला चमत्कारिक वाटलं.

१ डिसेंबर

लिहायचं नव्हतं, पण लिहिते. नाही तर ते आतच फिरतं.

धम्माला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा बायांनी तिला अंघोळ घातली. मी भिंतीला टेकून बसलेली. कोणीतरी डबी आणली. तिच्या तोंडाला पावडर लावली. म्हणाली, "तापानं लय काळी पडली हो लेकरू." मेलेल्या पोरीला! जिवंत होती तेव्हा दहा ठिकाणी रंग बघितला, आणि मेल्यावरसुद्धा गोरी करून धाडायची!

मी उठले आणि पदरानं पुसली. सगळी. बाया म्हणाल्या, सुलाचं डोकं फिरलं.

त्या पदरावरची पावडर किती तरी दिवस गेली नाही. मग गेली.

६ डिसेंबर, बुधवार

गल्ली ओस. सगळे दादरला. कालपासून स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती म्हणतात. मी गेले नाही. सरजाबाईंना गर्दी झेपत नाही. दोघी विहारात गेलो, मेणबत्ती लावली, वंदना घेतली. बाहेर ओट्यावर बसलो, उघड्या दारातून मेणबत्ती दिसत होती.

सरजाबाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "सुला, ते चित्र घरातच ऱ्हाऊ दे की. तुझ्याजवळ."

मला भरून आलं. म्हातारीला कळतंय, म्हटलं, की ते गेलं की माझं घर रिकामं होणार. मी त्यांचा हात धरला. "दोनच दिवसांसाठी नेनार हायेत सरजाबाई. मग परत घरीच."

"व्हय का," म्हणाल्या. आणि पुन्हा मेणबत्तीकडे बघत बसल्या.

१० डिसेंबर, रविवार

आश्रुबा आला चित्रांना चौकटी ठोकायला. आश्रुबा पेंटर — दुकानांच्या पाट्या, बोर्ड, विहाराची कमान, सगळं त्याच्याच हातचं. धम्मानं पहिला ब्रश त्याच्याच दुकानात धरला, फ्रॉकला रंग पुसत पुसत. सरजाबाई त्याची सख्खी मावशी.

बडबड्या माणूस. "वैनी, पोरगी मपल्याच हाताखाली शिकली, पन मी अजून 'सुस्वागतम'च लिहायलोय आन ती कुठल्या कुठं गेली!" बोलून गेला आणि जीभ चावली. 'कुठल्या कुठं गेली.' मी म्हटलं, असू दे. खरंच आहे.

सरजाबाईंच्या चित्राला चौकट ठोकताना मात्र त्याचा खिळा वाकडा गेला, काढला, परत ठोकला. म्हणाला, "वैनी, मावशीचे पाय मी आजवर बघितले न्हाईत. तिच्या मांडीवर वाढलो मी. न्हाई बघितले."

मी म्हटलं, "म्हनूनच बघायचे."

आता मीसुद्धा भाषण केल्यासारखी बोलते.

१६ डिसेंबर, शनिवार

समितीची बैठक. मला बोलावलं नव्हतं, पण गेले. दाराजवळ बायांच्या सतरंजीवर बसले. पुरुषांनी सगळं शांतपणे मांडलं — अब्रू, लहान मुलं, गावचे लोक, फोटो निघतील, कोण काय म्हणेल. मग मी उभी राहिले. म्हटलं, "ज्यांनी लुगडं वर घ्यायला लावलं त्यांनी लाजावं. आपन कामून लाजायचं? माझ्या पोरीनं मरायच्या आधी काढलंय ते. ते लावनार नसाल तर बाकीची चार बी देनार न्हाई."

मेलेल्या पोरीच्या आईशी कोण वाद घालणार? मला माहीत होतं, घालणार नाहीत. तेच मी वापरलं.

सुगत शेवटी म्हणाला, "लावू काकू. पाची लावू."

जिंकले. घरी आले, भाकरी खाल्ली, भांडी घासली. आत काहीच हललं नाही.

१९ डिसेंबर

थंडी. तिची शाल घेतली. आता तिचा वास राहिला नाही, माझाच येतो.

२२ डिसेंबर, शुक्रवार

चित्रं हॉलमध्ये लागली. मॅडमनी मोठं चित्र मधोमध घ्यायला सांगितलं. वर दिवा बसवला. आश्रुबानं गुपचूप सगळं केलं, एक विनोद नाही की काही नाही.

सरजाबाई आल्या. काठी टेकत दाराशी थांबल्या. घरी ते चित्र त्यांनी आडव्या-तिडव्या उजेडातच बघितलेलं. इथे एकदम समोर, वर दिवा.

"येवढं मोठं?" म्हणाल्या.

"मोठंच हाय. घरात कळत नव्हतं."

"आन त्याच्यावर बल्ब कशाला लावलाय व?"

"दिसाय नको का सरजाबाई? लांबून मानसं येनार हायेत तुमाला बघायला!"

मॅडम पुढे होऊन त्यांच्या पाया पडल्या. "आजी, तुम्ही इतिहास आहात," म्हणाल्या. सरजाबाईंनी पाय मागे घेतले. लुगड्याचा काठ ओढून घेतला आणि काठी टेकत निघून गेल्या. चहालाही थांबल्या नाहीत. एवढा मान एकदम मिळाला की माणूस बावरतं, म्हटलं.

मी एकटी चित्रासमोर उभी राहिले. धम्मा, लागलं गं तुझं चित्र.

घरी आल्यावर भिंत बघवेना.

२४ डिसेंबर, रविवार

हात अजून रंगाचा आहे. टर्पेंटाइनचा वास जात नाही. जमेल तसं सगळं लिहिते.

सकाळी झाडायला म्हणून हॉलवर गेले. कुलूप काढलेलं. आत आश्रुबा भिंतीला टेकून बसलेला, शेजारी डबा आणि ब्रश. वर बघितलं.

सरजाबाईंना साडी नेसवलेली! पांढरी, डब्यातल्या रंगाची, दारं-खिडक्यांना लावतात त्या. गुडघ्यापासून खाली पार पायाच्या बोटांपर्यंत. आश्रुबानं मनापासून काढलेली — चुण्या काढल्यात, काठ निळा काढलाय. घोटे गेले. वण गेले. माझ्या पोरीचे शेवटचे दिवस गेले.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. त्याच्या मेलेल्या आईपर्यंत गेले.

तो खाली मान घालून ऐकत होता. विचारलं, "कुनी सांगितलं? सुगतनं?"

"न्हाई वैनी."

"मग कुनी? समितीनं? बोल!"

"मला बोलता येत न्हाई. मला मारा वाटलं तर."

सुगतला बोलावून घेतलं. त्यालाही सोडला नाही. त्यानं चित्राकडे बघितलं आणि त्याचा चेहराच उतरला. "काकू, शपथ घेतो. मला पटलं नव्हतं, पन मी शब्द दिलाय तुमाला." खरं बोलत होता. मला ते दिसत होतं आणि तरी मी त्याला शिव्या देत होते.

मग आश्रुबाच हळू आवाजात म्हणाला, "वैनी, रंग ओला हाय अजून. खालचा तिचा रंग पक्का वाळलेला हाय. फडक्याला टर्पेंटाइन लावून पुसलं तर वरचा निघंल. आज निघंल. उद्या न्हाई निघनार."

बाटली त्यानंच दिली.

मी स्टुलावर चढले. सुगतनं स्टूल धरलं. डाव्या पायापासून सुरुवात केली. फडकं पांढरं व्हायला लागलं आणि खालून हळूहळू तो घोटा वर आला. काळा, जाड वण. तिनं काढलेला. माझ्या पोरीच्या हातचा. तेव्हा मला रडू आलं, वर्षभरानंतर, स्टुलावर उभी असताना. पुसत होते आणि रडत होते.

"सुला. ऱ्हाऊ दे."

वळून बघितलं. दारात सरजाबाई.

म्हटलं, "तुमी घरी जा. हे बघू नका. ह्या आश्रुबानं तुमचे पाय —"

"त्याला बोलू नको. मीच सांगितलं त्याला."

फडकं हातात तसंच राहिलं.

सुगतनं त्यांना सतरंजीवर बसवलं. मी खाली उतरले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चित्राकडेही नाही. काठीकडे बघून बोलत होत्या.

"पोरगी मपले पाय चोळायची. लय मायाळू. म्हनली, आज्जी, काढू का? म्हनलं, काढ. लेकराला काय न्हाई म्हनायचं? मला वाटलं वहीत काढायलीय. शाळेचं काई असंल. मग तुमी ते भिताडावर लावलं. वर बल्ब."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तुला? तुपलं लेकरू गेलेलं. त्या चित्राकडं बघितलं की तुझ्या तोंडावर जरा उजेड यायचा. तेवढाच यायचा. त्यो मी इझवू का?" मग म्हणाल्या, "एकदा म्हनले व्हते. मेनबत्ती लावली त्या दिशी. तू हात धरलास मपला."

मी हात धरला होता. हो.

"छप्पन सालच्या दीक्षेच्या म्होरल्या उन्हाळ्यात कडी काढली आमी. मी नवी नवरी. लोहारानं छिन्नीनं तोडली, घोट्याचं सालडं निघालं. सासू म्हनली, आता लुगडं खाली सोड. सोडलं. घोट्याला कापड लागलं बघ पैल्यांदा — गुदगुल्या व्हायल्या! मी हसायला लागले. मला बघून सासू हसायला लागली. तशाच हसत मालकाच्या ओसरीपुढून गेलो. ओसरीवरून आवाज आला, लुगडं वर घे. सासूनं मपला हात दाबला. न्हाई घेतलं. दगड बसला हितं." त्यांनी खांद्याला हात लावला. "त्या दिसापून चिखल असू दे, काटं असू दे, लुगडं वर घेतलं न्हाई सुला. नवऱ्यानं म्हनल्यावर न्हाई, डागदरनं म्हनल्यावर न्हाई. तुपल्या पोरीपुढं तेवढं घेतलं. आन तिनं मला परत त्या ओसरीपुढं हुबी केली की गं."

सुगत बाहेर जाऊन उभा राहिला.

जरा वेळानं सरजाबाई उठल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पुसायचं तर पूस माय. तुपल्या लेकराचं हाय ते. मी काई म्हननार न्हाई." आणि गेल्या. काठ भुईवर घासत.

आश्रुबा म्हणाला, "वैनी, रंग वाळायलाय."

मी फडकं डब्यावर ठेवलं आणि घरी आले. एक पाय उघडा, एक झाकलेला, तसंच आहे तिथे.

काय बरोबर ते मला कळत नाही. तिच्या पुस्तकांत असेल, पण विचारू कोणाला? समितीपुढे मी उभी राहून बोलले, सुगतला बोलले, आश्रुबाला बोलले — बाईच्या अंगावर दुसऱ्या कोणाचा शब्द चालू देणार नाही म्हणून बोलले. आणि ज्या बाईचे पाय, तिला मी एकदाही विचारलं नाही. धम्मानं विचारलं, पण अर्धंच. चित्राच्या मागे तिनं 'हुकूम' लिहिलंय. आज तो शब्द मालकाचा वाटत नाही, आमचाच वाटतो.

२५ डिसेंबर, सोमवार

माणसं यायच्या आधी हॉलवर गेले. आश्रुबाकडून ब्रश मागून घेतला. काल पुसलेला तो घोटा माझ्या हातानं झाकला, लुगडं पार खालपर्यंत नेलं. रंग देताना धम्माशी मोठ्यानं भांडत होते — "नीट इचारायचं हुतंस की गं तिला! कामून न्हाई इचारलंस?" आश्रुबा बाहेर निघून गेला.

ती गेल्यापासून आज पहिल्यांदा मी तिच्यावर रागावले.